पानात रस्सा, हातात चित्र : गावातल्या व्यंगचित्रकारांचं जेवण कसं जमवायचं

गाणाऱ्याला समोरची मान डोलताना दिसते, नटाला टाळी ऐकू येते. व्यंगचित्रकाराच्या नशिबी यातलं काहीच नाही. आपलं चित्र कुणीतरी सकाळी चहा पिताना बघतो आणि तेव्हा आपण घरी दाढी करत असतो. तो हसला, का पान उलटून राशिभविष्याकडे वळला, ते आपल्याला कधीच कळत नाही. मोबाइलवर येणारे पिवळे हसरे चेहरे मोजण्यात अर्थ नाही, ते चित्र न बघताही पाठवता येतात. घरच्यांना दाखवावं तर ते एक तर कौतुक करतात, नाही तर ‘हे कोण, आपले शेजारी का?’ विचारतात.

यावर एक साधा उपाय आहे. महिन्यातून एकदा दुपारी आपल्याच धंद्यातली चार-पाच माणसं जेवायला भेटायची आणि येताना चित्रं आणायची. ज्यांना असं जेवण आपल्या गावात सुरू करायचं आहे, किंवा जमलेल्या टेबलावर पहिल्यांदाच जायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

प्रकार नवा नाही. लंडनमध्ये १८४१ साली निघालेल्या ‘पंच’ साप्ताहिकाची संपादक-चित्रकार मंडळी दर आठवड्याला एका मोठ्या टेबलाभोवती जेवायला बसत आणि पुढच्या अंकाचं मुख्य व्यंगचित्र काय असावं हे तिथेच ठरे. मानकरी त्या टेबलावर चाकूने आपली आद्याक्षरं कोरत. आपल्या खानावळीत हे करून बघू नका. न्यूयॉर्कमध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार अनेक वर्षं मंगळवारी संपादकाला चित्रांचा गठ्ठा दाखवून मग एकत्र जेवायला जात. गठ्ठ्यातलं बहुतेक सगळं परत आलेलं असायचं, त्यामुळे त्या जेवणाला निदान विषय तरी भरपूर असणार.

आधी माणसं

पाच-सहा जण पुरतात. आठच्या वर गेले की एका टेबलाची दोन होतात, एका टोकाला राजकारण आणि दुसऱ्या टोकाला गुडघेदुखी सुरू होते, आणि चित्रं मध्येच अडकतात.

शोधायचं कुठे? गेल्या वर्षीचे दिवाळी अंक काढा आणि चित्रांच्या कोपऱ्यातल्या सह्या वाचा. अंकाच्या कार्यालयात विचारलंत तर अमुक चित्रकार तुमच्याच जिल्ह्यातला आहे असं हमखास कळतं. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक सोडू नका. ‘कार्टूनिस्ट्स कंबाईन’ ही मराठी व्यंगचित्रकारांची संघटना संमेलनं भरवते, तिथे गेलात तर आपल्याच भागातली माणसं मुंबई-पुण्यात भेटतात. ५ मे हा जागतिक व्यंगचित्रकार दिन. त्याच्या आसपास प्रदर्शनं, प्रात्यक्षिकं होतात. तिथे स्टॉलच्या मागे वही लपवून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी दिसली तर आधी त्यांना बोलवा.

पूर्णवेळ व्यंगचित्रकारच हवा असा हट्ट धरलात तर एकटेच जेवाल. वसंत सरवट्यांसारखा माणूस सिमेंट कंपनीत इंजिनिअरची नोकरी करत होता. तुमच्या टेबलावरही बँकेतला एक, एलआयसीतला एक, दवाखाना दीडला बंद करून येणारे एक डॉक्टर असेच लोक येणार. चित्र न काढणारा, पण कल्पना सुचणारा माणूसही घ्या. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला ‘चिंटू’ चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीचा. चित्रं पंडित काढत, पण चिंटू दोघांचा होता.

ज्येष्ठ एखादे जरूर असावेत, पण फार नामवंत कुणी पहिल्याच जेवणाला बोलावू नका. लगेच शाल-श्रीफळ निघतं, कुणीतरी प्रास्ताविक करतो आणि जेवणाचा सत्कार समारंभ होतो. आमच्याकडे साठी ओलांडलेल्या सगळ्यांना ‘काका’ आणि ‘काकू’च म्हणतात. ‘सर’ म्हटलं की माणूस शिकवायला लागतो.

मग खानावळ

इथे जरा विचार लागतो. अमर्याद थाळीची जागा टाळा. वाढपी दर दोन मिनिटांनी पोळी, भाजी, आमटी घेऊन येतो, दर वेळी कागद उचलावे लागतात, आणि बाहेर नंबर लावून बसलेली कुटुंबं तुमच्या शेवटच्या घासाकडे डोळे लावून असतात. राइस प्लेट मिळणारी जुनी खानावळ चांगली. वार कामाचा, वेळ पावणेदोनची. ऑफिसवाले जेवून गेलेले असतात, भटारखाना अजून चालू असतो, आणि मालक गल्ल्यावर जरा सैलावलेला असतो. रविवार नको.

उजेड बघा. पिवळ्या दिव्याखाली पेन्सिलीची रेघ नीट दिसत नाही आणि रंग भलतेच दिसतात. खिडकीजवळचं टेबल मिळालं तर उत्तम. खिडकीचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे येईल. कोण काय खातं हे आधी विचारून घ्या. श्रावणात मटणाची खानावळ ठरवलीत तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

आता क्रम. बसल्या बसल्या ऑर्डर द्यायची. जेवण यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात चित्रं फिरवायची. ताटं आली की सगळे कागद फोल्डरमध्ये आणि फोल्डर पाठीमागे पिशवीत. जेवण झालं, हात साबणाने धुतले, टेबल पुसून घेतलं की ताकाबरोबर चर्चा. हा क्रम मोडायचा नाही. कोल्हापुरी रश्शाच्या तर्रीचा एक थेंब कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे चित्राच्या जाड कागदावर, पडला की संपलं. तेल कागदात शिरतं, त्यावर पांढरा पोस्टर कलरही धरत नाही, आणि डाग मागच्या बाजूनेही दिसायला लागतो.

पिशवीत काय आणायचं

तीन चित्रं पुरेत. एक पूर्ण झालेलं, एक कुठूनतरी परत आलेलं आणि एक अडलेलं. यातलं अडलेलं सगळ्यात महत्त्वाचं. कल्पना बरी आहे, पण चित्र बसत नाही, किंवा चित्र झकास झालंय आणि ओळ सुचत नाही, असं काहीतरी प्रत्येकाकडे असतंच. पूर्ण झालेलं चित्र दाखवून फक्त ‘वा’ मिळते.

चित्राच्या ए-फोर झेरॉक्स आणा, मूळ चित्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. झेरॉक्सवर लोक पेनाने खुणा करू शकतात, मुळावर कुणी हात उचलत नाही आणि उचलू नये. दुकानात असताना एक प्रत निम्म्या आकारातही काढून घ्या. वर्तमानपत्रात चित्र एका कॉलमात बसतं तेव्हा काय होतं ते तिथेच दिसतं. बारीक हॅचिंगचा, म्हणजे छटेसाठी मारलेल्या जवळजवळच्या रेघांचा, काळा गोळा होतो, हाताने लिहिलेल्या अक्षरांच्या वेलांट्या शिरोरेघेला चिकटतात, आणि ‘घ’ आणि ‘ध’ एकच होऊन बसतात.

मोबाइलवर चित्र दाखवू नका. पडद्यावर सगळंच उजळ आणि छान दिसतं, बोटांनी मोठं करता येतं, आणि नेमक्या वेळी वर बँकेचा मेसेज येतो. टॅबवर काम करणाऱ्यांनीही कागदावर छापून आणावं. छापायला दिलेल्या फाइलचं रिझोल्यूशन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवायची सवयही त्यातूनच लागते.

चित्र फिरतं, तोंड बंद

सगळ्या जेवणाचा नियम हा एकच आहे, बाकी सगळं तपशील. आपलं चित्र फिरत असताना चित्रकाराने बोलायचं नाही. ‘यात ना, मला असं म्हणायचं होतं की’ हे वाक्य तर अजिबात नाही. छापलेल्या चित्राबरोबर तुम्ही वाचकाच्या घरी जात नाही. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन उभ्या आयुष्यात एक शब्द बोलला नाही. निदान एक चित्र फिरेपर्यंत आपल्याला जमायला हरकत नाही.

गप्प राहून करायचं काय? चेहरे बघायचे. डोळा आधी कुठे गेला, हसू कधी आलं, भुवया वर गेल्या का, नजर ओळीवरून पुन्हा चित्राकडे आली का. बघणारा ‘हं, छान’ म्हणून कागद पुढे सरकवतो तेव्हा चित्र पडलं असं समजा. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर पुण्यात चौकात उभे राहून वाहतुकीवरच्या व्यंगचित्रांची पत्रकं स्वतःच्या हाताने वाटायचे. सिग्नलला थांबलेल्या माणसाचा चेहरा त्यांना समोर दिसत असणार. आपल्याला तेवढं धाडस नसेल तर टेबल आहेच.

एक चित्र जवळून सांगतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीने पाणीटंचाईवरचं चित्र आणलं होतं. सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर, आणि नऊवारी नेसलेल्या बायका ड्रायव्हरला ओवाळतायत. खाली ओळ : ‘चार दिवसांनी टँकर आल्यामुळे सोसायटीत आनंदाचं वातावरण.’ कागद फिरला. लोक हसले, पण अर्धवट. डॉक्टरांनी काही न बोलता अंगठ्याने ओळ झाकली आणि चित्र पुन्हा फिरवलं. आता हसू सरळ आलं. ओळ चित्राचीच बातमी देत होती, ती गेली.

मग काका म्हणाले, ‘ड्रायव्हर नुसता उभा आहे. त्याला जावई कर.’ म्हणजे काय, तर मान जरा खाली, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर ते पहिल्या दिवाळसणाचं अवघडलेपण. फाटकाच्या कडेला धोतर-टोपीतले सेक्रेटरी सासऱ्यासारखे हात जोडून उभे, असं कुणीतरी सुचवलं. तरी एक गोष्ट खटकत होती. टँकर उजवीकडे आणि बायका डावीकडे होत्या. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे आरतीचं ताट आधी दिसत होतं आणि टँकर नंतर. उलटं हवं. आधी टँकर, मग त्याच्या पुढ्यात ताट, म्हणजे गंमत शेवटी फुटेल. खिडकी उपयोगी पडते ती इथे. झेरॉक्स उलटी करून काचेवर धरली, मागून उजेड आला आणि आरशातलं चित्र दिसलं. पुन्हा काढावं लागलं नाही, बघूनच पटलं. शिवाय उलट्या बाजूने बघितल्यावर ड्रायव्हरचा एक हात दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब असल्याचंही कळलं. हे घरीही करता येतं. शाई चढवण्याआधी चित्र एकदा खिडकीवर उलटं धरायचं.

बोलायला लागल्यावर

ताक आल्यावर चित्रकाराला वाचा फुटू द्या, पण आधी बाकीच्यांनी बोलावं. ‘मला आवडलं’, ‘नाही आवडलं’ यांचा काही उपयोग होत नाही. आधी काय दिसलं, बोलणारा कोण आहे हे तोंडावरून कळलं का, ओळीतला कुठला शब्द काढता येईल, असं विचारा. मराठीत गमतीचा शब्द वाक्याच्या शेवटी आणता येतो आणि तिथेच तो आणावा. क्रियापदाने हसू फुटत नसेल तर क्रियापद उडवून बघा. शुद्धलेखन एकाने नेमून तपासायचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं की वाचक विनोद विसरतो आणि पेन काढतो.

हास्यचित्र (निव्वळ गमतीचं), भाष्यचित्र (बातमीवर बोलणारं) आणि अर्कचित्र (खऱ्या माणसाचं, वैशिष्ट्यं फुगवून काढलेलं) यांना एकाच मापाने मोजू नका. अर्कचित्रात माणूस नावाशिवाय ओळखू आला पाहिजे, कोटावर नाव लिहायची वेळ आली तर पुन्हा काढा. भाष्यचित्रात बातमी पंधरा दिवसांनी विसरली गेली तरी काही उरतं का, ते पाहा. शब्दाविना चित्र जमलं तर त्याच्यासारखं काही नाही. शि. द. फडणीसांची चित्रं मराठी न येणाऱ्यालाही कळतात ती त्यामुळेच. पण सगळ्यांनी फडणीस व्हायला जाऊ नये. काहींची खरी ताकद ओळीत असते आणि त्यांनी ती लपवायचं कारण नाही.

एकच कल्पना दोघांना

जून उजाडला की खड्ड्यात गळ टाकून बसलेला माणूस प्रत्येक टेबलावर येतो. ही चोरी नसते, पहिली सुचलेली कल्पना सगळ्यांनाच सुचते. अशी चित्रं हसून बाजूला ठेवा आणि तिसरी-चौथी कल्पना मागा. पण टेबलावर दाखवलेली खास कल्पना दुसऱ्याने वापरायची नाही, हे पहिल्याच दिवशी मोठ्याने बोलून घ्या. झेरॉक्सच्या मागे तारीख आणि सही असली की पुढे वाद होत नाहीत. जेवणात पाहिलेल्या चित्राचा फोटो चित्रकाराने स्वतः बाहेर काढण्याआधी कुणीही पुढे पाठवायचा नाही.

सही चित्राच्या आत करा. चौकटीबाहेरची सही व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच फॉरवर्डला कापली जाते. सही पायरीवर, टेबलाच्या पायाजवळ, सावलीच्या काठाला अशी बसवा की ती कापताना चित्रही कापावं लागेल.

मानधनाचं बोला

या विषयाला सगळे लाजतात आणि नुकसान नव्यांचं होतं. कोणता अंक किती देतो, किती महिन्यांनी देतो, नुसता अंक भेट पाठवून मोकळा होतो का, हे टेबलावर आकड्यांसकट सांगा. नवा माणूस विचारणार नाही, जुन्याने आपणहून सांगावं.

थोडा कायदाही माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा हक्क मुळात काढणाऱ्याचा, आणि तो त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. वर्तमानपत्रात पगारी नोकरीला असाल तर वेगळा करार नसल्यास मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो, पुस्तक किंवा कॅलेंडर काढायचा हक्क तुमच्याकडे राहतो. म्हणून सही करण्याआधी करारातलं ‘सर्व हक्क’ हे वाक्य टेबलावर वाचून दाखवा. एलआयसीवाले गृहस्थ अशा वेळी फार कामाला येतात.

दिवाळी अंकांसाठी चित्रं पावसाळ्यातच मागवली जातात, त्यामुळे जुलैचं जेवण त्यासाठीच ठेवा. प्रत्येक अंकाची चव निराळी. ‘आवाज’ची ओळखच खिडकीचित्रांची, पानाला कापलेल्या खिडकीतून एक दिसतं आणि पान उलटल्यावर भलतंच निघतं, तिथे पाठवायचं तर त्या कोरलेल्या खिडकीचा विचार चित्र काढतानाच करावा लागतो. जेवताना कागदाला ब्लेडने खिडकी पाडून बघा. दोन पानांमधला सांधा एका रेघेने चुकला तरी युक्ती उघडी पडते.

जरा जपून असं चित्र

देव, जात, नेता, न्यायालय. असं चित्र कुणी आणलं तर कुजबुजत फिरवू नका, बाकीच्यांसारखंच फिरवा. राग नेमका कुणावर आहे हे पाहणाऱ्याला कळलं का, एवढंच आधी पाहा. खुर्चीवरच्या माणसावर काढलेलं चित्र रांगेतल्या माणसाला लागत असेल तर नेम चुकलाय. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती, तेव्हा धोका काल्पनिक नाही. पण छापायचं की नाही हा निर्णय चित्रकाराचा. टेबलाने मत द्यावं, बंदी घालू नये. आणि काढलंत तर दुसऱ्या दिवशी फोन करणारे चार जण असावेत, ते हेच.

बिल

टीटीएमएम, म्हणजे तू तुझं, मी माझं. आज मी, उद्या तू असं सुरू केलंत की हिशेब राहतो आणि माणसं यायची थांबतात. विद्यार्थी असेल तर त्याचं बिल बाकीच्यांनी वाटून घ्यावं, बदल्यात पुढच्या वेळी त्याने एक चित्र जास्त आणावं. वाढप्याला टिप नेहमीपेक्षा बरी द्या, तुम्ही त्याचं टेबल अडीच तास अडवलेलं आहे. त्याचं अर्कचित्र बिलाच्या मागे काढून दिलंत तर खुश होतो. मालकाचं काढण्याआधी मात्र त्याच्या पोटाबद्दल तो स्वतः विनोद करतो का, हे पाहून घ्या.

पुढची तारीख बडीशेप येण्याआधी ठरवा. हात धुऊन माणसं पायऱ्या उतरली की ‘फोनवर ठरवू’ होतं आणि मग गणपती येतात. तारखेबरोबर कुणाचं अडलेलं चित्र पुढच्या वेळी पुन्हा बघायचंय तेही एकाने लिहून घ्यावं आणि आदल्या दिवशी त्याला आठवण करावी. सलग तीनदा रिकाम्या हाताने आलेल्याला खानावळीतच एक कोरा कागद द्या. तो म्हणतो, ‘पेन नाही.’ तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांनी एकदम आपापलं पेन पुढे करायचं.